आधी लिहून काढा: टेक क्षेत्रातली पहिली नोकरी आणि पहिली नेमणूक

मी इंटरव्ह्यू दिले आहेत आणि घेतलेही आहेत. आधी नोकरदार म्हणून, नंतर एका छोट्या कंपनीचा फाउंडर म्हणून. दोन्हीकडे जिथे जिथे बिनसलं, तिथे मूळ बहुतेक वेळा एकच निघालं: आपल्याला नेमकं काय हवं आहे हे कुणीच आधी लिहून काढलं नव्हतं. उमेदवार ‘काहीही चालेल’ म्हणत शंभर ठिकाणी अर्ज टाकतो. कंपनी ‘चांगला डेव्हलपर हवा’ एवढ्यावर जाहिरात देते. मग दोघं भेटतात, गप्पा छान होतात आणि सहा महिन्यांनी दोघांनाही वाटतं की आपली फसगत झाली. खरं तर फसवलेलं कुणीच नसतं.

हा लेख या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी आहे. आधीच्या पायऱ्या नोकरी शोधणाऱ्यासाठी आहेत, शेवटच्या पहिल्यांदाच माणूस घेणाऱ्या उद्योजकासाठी. पण दोघांनीही सगळं वाचावं. समोरच्याच्या मनात काय चाललंय ते कळलं की निम्मी धास्ती तिथेच संपते.

पायरी १: अर्ज करण्याआधी एक पान

एक कोरं पान घ्या आणि त्यावर तीन गोष्टी लिहा. मला आज काय येतं, येत्या दोन वर्षांत काय शिकायचं आहे आणि मला काय अजिबात चालणार नाही.

‘येतं’ म्हणजे स्वतःच्या हाताने केलेलं. व्हिडिओ पाहून समजलेलं इथे येत नाही. तिसरा प्रश्न सगळ्यांत अवघड, कारण नवखेपणी सगळंच चालेल असं वाटतं. तरीही लिहा. महिन्याला किती पैसे हातात पडल्याशिवाय घर चालणार नाही? रात्री-अपरात्री सर्व्हर पडला म्हणून फोन आला तर उठायची तयारी आहे का? गाव सोडायची तयारी आहे का? ही उत्तरं शांतपणे घरी बसून लिहिलेली असली की हातात ऑफर असताना, एचआरचा ‘आजच कळवा’ असा फोन आलेला असतानाही डोकं ठिकाणावर राहतं.

मोठी कंपनी की छोटा स्टार्टअप, हा प्रश्न नवे लोक मला सर्वांत जास्त विचारतात. माझ्या मते तो प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे. पहिल्या दोन-तीन वर्षांत बघायची गोष्ट एकच: तुमचा कोड तुमच्यापेक्षा जाणकार माणूस रोज वाचणार आहे का? तसा माणूस पाच जणांच्या कंपनीत असू शकतो आणि पाच हजारांच्या कंपनीतल्या एखाद्या टीममध्ये नसूही शकतो. जिथे तो असेल तिथे पगार थोडा कमी असला तरी मी नवख्याला तिथेच जा म्हणेन.

पायरी २: रेझ्युमे

एक पान पुरे. फोटो, रंगीत पट्ट्या आणि ‘जावा ८० टक्के’ असे आलेख काढून टाका. पुष्कळ कंपन्यांत रेझ्युमे आधी सॉफ्टवेअर वाचतं, मग माणूस. त्यामुळे मजकूर निवडून कॉपी करता येईल अशी साधी पीडीएफ ठेवा. जाहिरातीत ‘पोस्टग्रेस’ लिहिलं असेल आणि तुम्हाला ते खरोखर येत असेल तर तोच शब्द वापरा, ‘रिलेशनल डेटाबेस’ लिहून थांबू नका.

खरा फरक पडतो तो ओळींच्या लिखाणात. माझ्याकडे येणाऱ्या रेझ्युमेंमध्ये हमखास दिसणारी ओळ अशी असते: ‘बॅकएंड डेव्हलपमेंटमध्ये सक्रिय सहभाग घेतला, विविध एपीआय बनवल्या.’ हे वाचून मला काहीच कळत नाही. तेच काम असं लिहून बघा: ‘ऑर्डर शोधायच्या पानाला ८ सेकंद लागत होते. प्रत्येक ओळीसाठी डेटाबेसला वेगळी क्वेरी जात होती. त्या सगळ्या एका क्वेरीत आणल्या, तारखेच्या कॉलमला इंडेक्स लावला, पान १ सेकंदाच्या आत उघडू लागलं.’ अडचण काय होती, तुम्ही काय केलंत, काय बदललं. काम कॉलेजच्या प्रोजेक्टमधलं असलं तरी चालतं. अशी एक ओळ असली की इंटरव्ह्यू घेणारा तिथेच थांबतो आणि तुम्हाला चांगलं ठाऊक असलेल्या विषयावर प्रश्न विचारतो. उलट, एकदाच उघडून पाहिलेल्या तंत्राचं नाव यादीत घातलंत तर प्रश्न नेमका त्यावरच येतो.

अनुभव नसेल तर प्रोजेक्ट हाच अनुभव. पाच अर्धवटांपेक्षा एक पूर्ण बरा. पूर्ण म्हणजे दुसऱ्याला लिंक उघडून वापरता येईल असा, रीडमी (प्रोजेक्टची माहिती देणारी फाइल) नीट लिहिलेला, दोन-चार टेस्ट असलेला. कमिटचे, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवताना लिहिलेले, संदेशही लोक वाचतात. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली गिट हे कोडमधले बदल नोंदवणारं साधन लिहिलं ते लिनक्स कर्नलसाठी (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठी), जिथे जगभरातले लोक एकमेकांना न भेटता एकमेकांचे बदल तपासत होते. अशा ठिकाणी बदल काय केला हे कोडमध्ये दिसतंच, का केला हे मात्र संदेशातच लिहावं लागतं. ‘फिक्स’, ‘फायनल’, ‘फायनल २’ असे कमिट असलेला प्रोजेक्ट पाहिला की हा माणूस टीममध्ये कसा वागेल याचा अंदाज येतो.

पायरी ३: ओळख

‘आमची कुठे ओळख नाही’ असं म्हणून पुष्कळ जण ही पायरी गाळतात. पण लागते ती ओळख घट्ट नसली तरी चालते. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली दाखवून दिलं की ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांपैकी बहुतेकांना ती जिवलग मित्राकडून मिळाली नव्हती, अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्या माणसाकडून मिळाली होती. कारण साधं आहे. जवळच्या मित्रांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं, नवी बातमी लांबच्या ओळखीतून येते. २०२२ साली लिंक्डइनवरच्या सुमारे २ कोटी लोकांवरचा पाच वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही हेच दिसलं. फार घट्ट नाही आणि अगदीच विरळ नाही, अशा मधल्या ओळखी नोकरी बदलायला सर्वांत जास्त उपयोगी पडल्या.

म्हणजे दोन वर्षं पुढे असलेला सीनियर, जुना सहकारी, एखाद्या ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये ज्याने तुमची पुल रिक्वेस्ट (तुम्ही सुचवलेला कोडमधला बदल) तपासली तो माणूस. त्याला लिहायचं ते थोडक्यात आणि नेमकं. ‘सर, कुठे व्हेकन्सी असेल तर बघा’ या संदेशाला काय उत्तर द्यावं हे समोरच्यालाही सुचत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘नमस्कार. तुमच्या कंपनीची बॅकएंडची जाहिरात पाहिली. मी गेल्या वर्षभरात पायथनमध्ये एक बुकिंग सिस्टिम बनवली आहे, लिंक खाली देतो. जाहिरातीत रांगेत कामं लावून चालवण्याचा अनुभव मागितला आहे, तो मला एवढ्याच प्रोजेक्टचा आहे. तेवढ्यावर अर्ज करावा का, की आधी आणखी काही शिकावं? दोन ओळींत कळवलंत तरी पुरे.’ याला उत्तर देणं सोपं आहे. उत्तर देणाऱ्याला तुम्ही योग्य वाटलात तर रेफरलचं, म्हणजे कंपनीत तुमचं नाव सुचवण्याचं, तो स्वतःच विचारतो.

आणि नोकरीसाठी, ट्रेनिंगसाठी, ‘लॅपटॉप डिपॉझिट’साठी आधी पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. तो धंदाच फसवणुकीचा आहे.

पायरी ४: इंटरव्ह्यू

फेऱ्या साधारण ठरलेल्या असतात: आधी फोनवर बोलणं, मग कोडिंग, थोडा अनुभव असेल तर सिस्टिम डिझाइन आणि शेवटी स्वभाव आणि कामाची पद्धत समजून घेणारी फेरी. किती फेऱ्या, प्रत्येकीत काय, एआयची मदत घेतलेली चालते का, हे आधीच मेल करून विचारा. विचारल्याने कुणी नापास करत नाही. न विचारता एआय उघडून बसलेला माणूस मात्र पकडला जातो आणि मग पुढे काही सांगायला जागा उरत नाही.

कोडिंगच्या फेरीत नवे लोक समजतात की उत्तर पूर्ण करणं म्हणजे पास. एक प्रसंग सांगतो. एका दिवशी मी दोन उमेदवारांना तोच प्रश्न दिला: लॉगमधल्या नोंदींतून प्रत्येक युजरचा सगळ्यांत मोठा सेशन काढा. पहिल्याने खाली मान घालून वीस मिनिटांत कोड पूर्ण केला. मी विचारलं, ‘नोंदी वेळेच्या क्रमाने आल्या नाहीत तर?’ तो गप्प झाला. दुसऱ्या मुलीने कोडला हातच लावला नाही. आधी वरती कॉमेंटमध्ये चार ओळी लिहिल्या: नोंदी क्रमाने येतात का, लॉगआउट नसेल तर सेशन कधी संपलं मानायचं, फाइल रिकामी असेल तर काय, आणि ती मेमरीत मावेल का. मग मला विचारून एकेक ओळ पक्की केली. तिचा कोड वेळेत पूर्ण झाला नाही. आम्ही तिलाच घेतलं. कामाच्या ठिकाणी प्रश्न कधीच नीट मांडलेला येत नाही, तो असाच अर्धवट येतो, आणि तो पूर्ण करून घेणं हेच निम्मं काम असतं.

तेव्हा सराव करताना तोंडाने बोलून सराव करा. मित्राला समोर बसवा. मनातल्या मनात सोडवलेली दोनशे कोडी आणि मोठ्याने सोडवलेली पन्नास, यांत मी पन्नासवाल्याला पुढे ठेवेन.

शेवटच्या फेरीसाठी पाच-सहा प्रसंग आधीच लिहून ठेवा: तुमच्या हातून झालेली चूक, सहकाऱ्याशी झालेला मतभेद, वेळेत न झालेलं काम, स्वतःहून शिकलेली गोष्ट. प्रत्येकात ‘आम्ही’ कमी आणि ‘मी’ जास्त. नम्रतेपोटी सगळं टीमच्या नावावर टाकायची आपल्याला सवय असते, पण समोरच्याला तुमचा वाटा कळायलाच हवा. चूक झाल्याचा प्रसंग विचारला तर खरी चूक सांगा. ‘मी फार परफेक्शनिस्ट आहे’ हे उत्तर ऐकून कान किटले आहेत.

‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ असं शेवटी विचारतात, तेव्हा ‘नाही’ म्हणू नका. पहिल्या तीन महिन्यांत मी काय केलं तर तुम्हाला वाटेल की निवड बरोबर होती? या जागेवर आधी कोण होतं आणि ते का गेलं? कोड लिहिल्यापासून प्रॉडक्शनवर (खऱ्या युजरपर्यंत) जायला किती दिवस लागतात? स्टार्टअप असेल तर हातातले पैसे किती महिने पुरतील? उत्तर देताना समोरचा अडखळला तर तेही घरी येऊन पहिल्या पानाखाली लिहून ठेवा.

नकार येतील. ब्रायन ॲक्टन यांना २००९ साली ट्विटर आणि फेसबुक या दोन्ही कंपन्यांनी नोकरी नाकारली होती. त्यांनी जॅन कूम यांच्याबरोबर उभं केलेलं व्हॉट्सॲप फेसबुकने २०१४ साली १९ अब्ज डॉलर्सना विकत घेण्याचं जाहीर केलं. प्रत्येक नकारामागे असं काही दडलेलं असतं असं मी म्हणत नाही. तासाभराच्या भेटीत माणूस मोजायचं हे माप कच्चं आहे, एवढंच त्यातून घ्या, आणि नकाराच्या दिवशीच, आठवण ताजी असताना, कुठला प्रश्न अडला ते लिहून काढा.

पायरी ५: ऑफर

इथे मी स्वतः पोळलो आहे, म्हणून जरा थांबून लिहितो. माझ्या पहिल्या स्टार्टअपमध्ये फाउंडरने मला ‘अर्धा टक्का तुझा’ असं तोंडी सांगितलं होतं. माणूस चांगला होता, शब्द मनापासून दिलेला होता. दोन वर्षांनी कंपनीत नवे गुंतवणूकदार आले, शेअरधारकांची यादी नव्याने बनली, आणि त्या यादीत माझं नाव कुठेच नव्हतं. दाखवायला माझ्याकडे एक मेलसुद्धा नव्हता. फाउंडरलाही वाईट वाटलं, पण तोवर ते त्याच्या एकट्याच्या हातात राहिलं नव्हतं.

तेव्हा जे कागदावर नाही ते मिळणार नाही असं धरून चाला. आकडा मोठा दिसत असेल तर त्यात ठरलेला पगार किती आणि ‘कामगिरीनुसार’ किती हे वेगळं करून घ्या. जॉइनिंग बोनस असेल तर वर्षाच्या आत सोडल्यावर तो परत द्यावा लागतो का ते बघा. नोटिस पिरियड किती, बाँड आहे का, आणि घरी, सुटीच्या दिवशी लिहिलेल्या कोडवर कंपनी हक्क सांगते का, ही कलमं दोनदा वाचा. शेवटचं कलम बहुतेक जण वाचत नाहीत, आणि नंतर स्वतःचं काही सुरू करायचं म्हटलं की तेच आडवं येतं.

आता इसॉप, म्हणजे कर्मचाऱ्यांना कंपनीच्या शेअर्सचे ऑप्शन्स देण्याची योजना. ‘तुम्हाला १०,००० ऑप्शन्स देतोय’ या वाक्याला एकट्याने काही अर्थ नाही. एकूण किती शेअर्सपैकी, हे विचारा. एकूण १० लाख असतील तर तो १ टक्का झाला, १ कोटी असतील तर ०.१ टक्का. स्टार्टअप्समध्ये नेहमीची पद्धत चार वर्षांचं व्हेस्टिंग (हक्क हळूहळू तुमचा होत जाणं) आणि एक वर्षाचा क्लिफ (त्याआधी काहीच न मिळणं) अशी आहे. म्हणजे अकराव्या महिन्यात सोडलंत तर हातात शून्य. वर्ष भरलं की २,५०० ऑप्शन्स एकदम तुमचे होतात, त्यानंतर दर महिन्याला सुमारे २०८. ऑप्शन म्हणजे शेअर नव्हे, ठरलेल्या किमतीला शेअर घेण्याचा हक्क. ती किंमत किती, आणि कंपनी सोडल्यावर तो हक्क किती दिवस टिकतो, हे विचारा. पुष्कळ ठिकाणी ही मुदत फक्त ९० दिवसांची असते, आणि तेवढ्यात खिशातून पैसे भरावे लागतात, शिवाय करही लागू शकतो. गुंतवणुकीच्या प्रत्येक फेरीत तुमचा हिस्सा पातळ होतो. दोन फेऱ्यांत प्रत्येकी २० टक्के नव्या गुंतवणूकदारांकडे गेले तर तुमचा १ टक्का ०.६४ वर येतो. कंपनी विकली गेली तर बहुधा गुंतवणूकदारांचे पैसे आधी सुटतात, उरलेल्यातून बाकीच्यांना. म्हणून माझा नियम असा: ऑप्शन्सची किंमत शून्य धरली तरी पगारावर तुमचं भागतंय ना, ते बघा. भागत असेल तरच घ्या.

काही वाढवून मागायचं असेल तर सगळं एकाच वेळी, लेखी आणि कारणासकट मागा. आज पगार, उद्या तारीख, परवा पद असं तुकड्या-तुकड्याने मागितलं की समोरचा वैतागतो. आणि सही झालेलं ऑफर लेटर हातात येईपर्यंत चालू नोकरीचा राजीनामा देऊ नका.

पायरी ६: आता उद्योजकासाठी. माणूस खरंच हवा आहे का?

बँकेतली शिल्लक भागिले महिन्याचा खर्च, म्हणजे तुमचा रनवे. त्यात नव्या माणसाचा पगार, लॅपटॉप, सॉफ्टवेअरचे परवाने घालून पुन्हा भागा. वर्षापेक्षा कमी येत असेल तर त्या माणसाला तसं स्पष्ट सांगून घ्या, नाहीतर घेऊ नका. पैशाहून महाग असतो तो तुमचा वेळ. तीन माणसांत बोलण्याच्या तीन जोड्या असतात, सहा माणसांत पंधरा. काम उशिरा चाललंय म्हणून घाईघाईने माणसं वाढवली की सुरुवातीला ते आणखी लांबतं, कारण नव्यांना शिकवायला जुन्यांचाच वेळ जातो.

को-फाउंडर असेल तर त्याच्याशीही सगळं लेखी. १९७६ साली ॲपल भागीदारी म्हणून सुरू झाली, तेव्हा तिसरे भागीदार रोनाल्ड वेन यांच्याकडे १० टक्के हिस्सा होता. बारा दिवसांत ते बाहेर पडले आणि हिश्शाचे त्यांना ८०० डॉलर्स मिळाले. भागीदारीत धंद्याचं कर्ज भागीदाराच्या घरापर्यंत पोचू शकतं, ही त्यांची भीती होती आणि ती रास्त होती. कंपनीची कायदेशीर रचना कुठली, कोण किती वेळ देणार, कुणी मध्येच सोडलं तर हिश्शाचं काय, हे मैत्री घट्ट असतानाच लिहून घ्या. फाउंडरांच्या शेअर्सनाही चार वर्षांचं व्हेस्टिंग लावणं यात काही अपमानास्पद नाही.

पायरी ७: निवड

जाहिरातीआधी अर्धं पान लिहा: हा माणूस पहिल्या ९० दिवसांत कोणत्या तीन गोष्टी पूर्ण करेल? त्या तिन्हींसाठी काय यायलाच हवं आणि काय इथे येऊन शिकता येईल? जाहिरात या अर्ध्या पानातूनच निघते. पंधरा तंत्रांची यादी आणि ‘रॉकस्टार हवा’ असं लिहिणं थांबवा. अशा यादीला घाबरून प्रामाणिक माणसं अर्जच करत नाहीत.

इंटरव्ह्यूत सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. प्रत्येकाने आपले गुण आधी स्वतंत्रपणे लिहायचे, चर्चा नंतर. याला आधार आहे. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली निवडपद्धतींवरचं जुनं संशोधन पुन्हा तपासलं. पुढच्या कामगिरीशी ठरवून घेतलेल्या इंटरव्ह्यूचा संबंध (० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे पूर्ण) सरासरी ०.४२ निघाला आणि मोकळ्या गप्पांसारख्या इंटरव्ह्यूचा ०.१९. ‘मला माणूस बघताक्षणी कळतो’ असं सांगणारे फाउंडर मी पाहिले आहेत, मीही त्यांतलाच होतो. बघताक्षणी कळतं ते एवढंच की हा माणूस आपल्यासारखा आहे.

रेझ्युमे चाळायला एआय लावणार असाल तर त्यालाही हीच खोड लागते. ॲमेझॉनने अंतर्गत वापरासाठी बनवायला घेतलेलं असं एक साधन दहा वर्षांच्या जुन्या रेझ्युमेंवर शिकलं होतं. ते रेझ्युमे बहुतांशी पुरुषांचे होते, आणि ते साधन बायकांच्या संस्थांचा उल्लेख असलेल्या रेझ्युमेंना खाली ढकलू लागलं. कंपनीने ते गुंडाळलं आणि २०१८ साली रॉयटर्सने ही बातमी छापली.

घरी करायला काम देणार असाल तर दोन-तीन तासांचं द्या, त्याहून मोठं असेल तर पैसे द्या, आणि तुमच्याच प्रॉडक्टचं काम फुकटात करून घेऊ नका. ज्यांना घेणार नाही त्यांना आठवड्याच्या आत दोन ओळींचा मेल पाठवा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि वाट बघणाऱ्याचे दिवस कसे जातात हे तुम्हीही अनुभवलेलं असतं.

पायरी ८: पहिला महिना

रुजू होण्याच्या आदल्या दिवशीच ईमेल, रिपॉझिटरी (जिथे कोड ठेवलेला असतो ती जागा) आणि सर्व्हरचे ॲक्सेस तयार ठेवा. पहिल्याच आठवड्यात एक छोटा बदल, अगदी बटणावरच्या मजकुराचा असला तरी चालेल, नव्या माणसाच्या हातून प्रॉडक्शनवर जाऊ द्या. त्या निमित्ताने सेटअपच्या कागदपत्रांत जिथे जिथे तो अडेल तिथली दुरुस्ती त्यालाच करायला सांगा. तिसाव्या दिवशी जाहिरातीआधी लिहिलेलं ते अर्धं पान काढा, दोघांच्या मध्ये ठेवा आणि तिन्ही कामं एकेक करून वाचा. कुठलं चाललंय, कुठलं अडलंय, आणि कुठलं मुळातच चुकीचं लिहिलं होतं ते त्याच पानावर पेनाने दुरुस्त करा, खाली तारीख घाला आणि एक प्रत त्याच्याकडे द्या.